पेटाऱ्याचा सुतार

"दादा, हा कोळसा दुसरीकडं कुठं ठेवता येईल का?"

इस्पितळातून घरी आणल्यापासून दिगूनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. आणून नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस तो मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसायचा. जेवायला हाक मारली की यायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि परत जाऊन बसायचा. त्या दिवशी मात्र तो उकिडवा बसला होता आणि आत्याच्या पेटाऱ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावून ऐकत होता.

"कशाला रे?" मी विचारलं.

"आत सागवान आहे. कुणीतरी वर हिरवा ऑइलपेंट फासलाय. पण लाकूड टणक आहे अजून." मग जरा थांबून म्हणाला, "मी नीट करू का हा?"

स्वयंपाकघराच्या दारात इंदू, माझी बायको, परात घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. पेटारा नीट करायचा म्हणजे पटाशी आली, हातोडा आला, करवत आली. बारा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढलेल्या माणसाच्या हातात ही हत्यारं द्यायची, आणि घरात वयात आलेली मुलगी. हे सगळं मला तिच्या नजरेतूनच ऐकू आलं.

"कर," मी म्हणालो.

दिगंबर माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्याला मीच वाढवला. ओतकामाच्या एका कारखान्यात तो लाकडाचे साचे करायचा. हात असा की साहेब लोक मुद्दाम त्याचं काम बघायला यायचे. चोविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. भट्टीतून कुणीतरी नावानं हाक मारतंय म्हणायचा. जेवण सुटलं, झोप सुटली. एक दिवस इथंच कऱ्हाडला, संगमावर, तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेलो आणि दाखल करून आलो.

बारा वर्षांनी तिथले डॉक्टर आगटे मला म्हणाले, "भोकरे, तुमचा भाऊ बरा आहे. गेली चार वर्षं आवाज नाहीत. आणि एक सांगतो, या बारा वर्षांत त्यानं कुणावर आवाजसुद्धा चढवलेला नाही. गोळ्या चालू ठेवा, हाताला काहीतरी काम द्या. आता त्याची जागा घरात आहे."

म्हणून मी त्याला घरी आणला होता. आता हाताला कामही मिळालं.

पेटारा आमच्या बायजाआत्याचा. तिला मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर भांडीकुंडी वाटली गेली आणि ही चार हात लांबीची अवजड पेटी आमच्या गळ्यात पडली. पितळी पट्ट्या काळ्याठिक्कर पडलेल्या, एक बिजागरी तुटलेली, तळाच्या दोन फळ्या किडीनं खाल्लेल्या. आम्ही तिच्यात कोळसा भरत असू.

दिगूनं कोळसा काढला, पेटारा धुतला, चार दिवस सावलीत वाळवला. मग फुटक्या काचेचे तुकडे घेऊन रंग खरवडायला बसला. काच अशी धरायचा की रंगाची साल निघायची आणि लाकडावर ओरखडा उठायचा नाही. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली गेरू. आमची वीणा कॉलेजातून आली की दप्तर टाकून त्याच्यापाशी जाऊन बसायची.

"काका, किती थर आहेत हो?"

"जेवढे मालक झाले तेवढे."

"आणि शेवटी?"

"शेवटी झाड." तो हसला. त्याला हसताना मी बारा वर्षांनी पाहत होतो.

रोज संध्याकाळी काम संपलं की तो हत्यारं पुसायचा, मोजायचा आणि फडक्यात गुंडाळून इंदूच्या हातात नेऊन द्यायचा. "वहिनी, ठेवून द्या." त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस इंदू ते गाठोडं कपाटात घालून कुलूप लावायची. पुढं कुलूप लावायचं सुटलं. मग एकदा म्हणाली, "भावजी, राहू द्या तिथंच. सारखी कशाला ने-आण?" तरी तो देतच राहिला.

झाकण वाकलं होतं. त्यानं ते ओलं करून सपाट फरशीवर ठेवलं आणि वजनासाठी इंदूचा पाटा मागितला. आठ दिवस आमच्याकडं चटणी वाटली गेली नाही, आणि इंदूनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तळाच्या फळ्यांसाठी मी त्याला वखारीत नेलं. जुन्या दारांच्या ढिगात तो तासभर फिरला, लाकडं उचलून हुंगली, आणि एक मोडकी चौकट निवडली. वखारवाला मला हळूच म्हणाला, "पाहुणे जाणकार दिसतात." मी "हं" म्हणालो. भाऊ आहे, असं म्हणालो नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पितळी पट्ट्या वीणानं चिंच आणि मीठ लावून घासल्या. मग दिगूनं चपडालाख स्पिरिटमध्ये विरघळवली आणि मलमलच्या बोळ्यानं पॉलिश चढवायला सुरुवात केली. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक कागदानं घासायचा, पुन्हा दुसरा हात. असे अकरा हात दिले. माघ संपता संपता पेटारा उभा राहिला तेव्हा शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. मधासारखा रंग आला होता. झाकण उघडताना आवाजसुद्धा येत नव्हता.

"हा वीणाचा," दिगू म्हणाला. "लग्नात द्या तिला."

वीणाच्या लग्नाचा घोर आम्हाला होताच. आधीची दोन स्थळं जमता जमता फिरली होती. दोन्ही वेळा कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की मुलीचा चुलता वेडा आहे. एकांनी तर तोंडावर विचारलं, "रक्तातलंच असतं ना हे?" वीणा त्या वेळी आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं होतं.

फाल्गुनात मिरजेच्या कळंब्यांचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, वडील निवृत्त हेडमास्तर. माणसं लांबची होती, त्यांना आमच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. रविवारी बघायला येणार होते. त्या सकाळी दिगू स्वतःच मला म्हणाला, "दादा, मी पडवीतच थांबतो. नवी माणसं बिचकतात." मी त्याला थांब म्हणालो नाही आणि नको थांबू असंही म्हणालो नाही.

पेटारा आम्ही बाहेरच्या खोलीत आणून ठेवला होता. वर क्रोशाचा रुमाल. कळंबे मास्तर आल्या आल्या त्याच्याकडं वळले. रुमाल बाजूला करून त्यांनी झाकणावरून तळवा फिरवला, सांध्यावर नख फिरवून पाहिलं.

"वा! जुना दिसतोय. पण हे काम आत्ताचं आहे. कुणी केलं हो?"

वीणा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पोपटी साडी नेसली होती. तिचा चेहरा खुलला, ओठ उघडले. तिच्याआधी मी बोललो.

"एक सुतार होता. कोल्हापूरकडचा. काम करून गेला."

"पत्ता असेल तर द्या ना. आमच्याकडं एका दिवाणाचं काम आहे, कुणाच्या हाती द्यावंसं वाटत नाही."

"पत्ता नाही हो. फिरता माणूस."

"असे कारागीर आता मिळत नाहीत," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत बसले. "बरं, घरात आणखी कोण कोण?"

"आम्ही तिघंच," मी म्हणालो.

पडवी आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये आमच्याकडं फक्त स्वयंपाकघर होतं, आणि मधल्या दाराला पडदा.

मंडळी गेल्यावर मी मागं गेलो. दिगू मोरीपाशी बसून कपबशा विसळत होता. वीणा पडवीच्या खांबाला धरून रडत होती.

"बाबा, तुम्ही असं कसं म्हणालात?"

"तुझ्यासाठी म्हणालो."

"मी सांगितलं होतं तुम्हाला?"

दिगूनं बशी पालथी ठेवली. "वीणा, रडू नको गं," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "दादा, दिवाणाचं लाकूड कुठलं आहे, तेवढं तरी विचारायला हवं होतंस." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी होकाराचं पत्र आलं. लग्न वैशाखात, आमच्या दारात. त्याआधी साखरपुडा, याद्या, खरेदी. मिरजेची माणसं चार वेळा येणार, बायका मुक्कामाला राहणार. इंदूनं पत्र देवापुढं ठेवलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "भावजींना कुठं ठेवायचं?"

ठेवायला जागा कुठंच नव्हती. बहीण नाही, गावाकडं घर नाही. मी रजा टाकून एकटाच डॉक्टर आगट्यांकडं गेलो. म्हणालो, दोन महिने ठेवून घ्या, लग्न झालं की मी स्वतः येऊन नेतो.

"ही काय धर्मशाळा आहे?" ते चिडले. "बरा झालेला माणूस मी इथं कशाच्या आधारावर ठेवू? पलंगासाठी शंभर जण थांबलेत."

"मग तुम्ही ठेवता तरी कुणाला?"

"ज्याच्यापासून स्वतःला किंवा घरच्यांना धोका आहे त्याला. दिगंबरपासून आहे?"

"नाही," मी म्हणालो आणि उठलो.

परतीच्या एस्टीत त्यांचं ते वाक्य माझ्या शेजारी बसून कऱ्हाडपर्यंत आलं.

पुढच्या आठवड्यात मी दिगूला म्हणालो, "तपासणीला जाऊन येऊ. कदाचित दोन-चार दिवस ठेवून घेतील, कपडे घे बरोबर." त्यानं दोन सदरे, दोन लेंगे आणि गोळ्यांची डबी पिशवीत भरली. वीणा कॉलेजात होती. इंदूनं त्याच्या हातावर दही घातलं. तिला मी काही सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. टेबलाच्या कडेवर त्याची बोटं होती. नखांत अजून लाखेचा तपकिरी रंग होता.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरात त्रास व्हायला लागलाय," मी म्हणालो. "त्यानं माझ्या मुलीवर हात उचलला. दोनदा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "दिगंबर, हे खरं आहे?"

दिगूनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. त्या महिन्यात पाच मंगळवार होते, एवढं लक्षात आहे.

"हो," तो म्हणाला.

"हात उचललास? वीणावर? ती तर तुझी लाडकी ना?"

"हो."

"का पण?"

"राग आला."

"कशाचा राग?"

हे त्याला सुचेना. वर्गात उभं केलेलं मूल शेजारच्याकडं बघतं तसं त्यानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याची फाइल उघडली. "भोकरे, लेखी द्यावं लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. मी चार ओळी लिहिल्या. सव्वीस वर्षं सरकारी कारकुनी केलेली, माझं अक्षर चांगलं आहे. खाली सही केली, तारीख घातली.

दिगू पिशवी घेऊन उठला. दारात थांबून म्हणाला, "लग्नाच्या गडबडीत पेटारा उन्हात ठेवू नका. पॉलिश फुटतं." बाहेरच्या शिपायानं त्याला ओळखलं. "अरे दिगंबर, परत आलास?" त्यानं मान हलवली आणि कुणी वाट दाखवायच्या आधीच तो आपल्या वॉर्डाकडं चालू लागला.

लग्न छान झालं. पेटारा टेम्पोत घालून मिरजेला गेला. वीणानं निघताना विचारलं, "काकाला का नाही आणलं?" मी म्हणालो, "त्याला पुन्हा त्रास सुरू झालाय. डॉक्टर कुणाला भेटू देत नाहीत." तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ती गाडीत बसली.

ज्येष्ठात मी त्याला आणायला गेलो. डॉक्टर आगट्यांनी फाइल काढून माझाच कागद माझ्यापुढं धरला. "असं लेखी आलं की मला परस्पर सोडता येत नाही. समितीपुढं जावं लागतं." त्या क्षणी, तिथंच, मी खरं सांगायला हवं होतं. पण खरं म्हणजे काय? सरकारी माणसानं सरकारी इस्पितळात खोटं लिहून दिलं, हे. आणि वीणाच्या अंगाला अजून हळद होती. मी म्हणालो, "बरं. समिती काय म्हणते बघू."

समितीनं नाही म्हटलं. पुढच्या वर्षीही नाही म्हटलं. दर वर्षी ते माझ्या चार ओळी त्याला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "असं केलं होतंस?" आणि दर वर्षी तो "हो" म्हणायचा. मी महिन्याला जायचो, केळी आणि चिवडा न्यायचो. वीणा पहिल्या दोन-तीन वर्षांत विचारायची, "मी येऊ भेटायला?" मी दर वेळी डॉक्टरांचं नाव पुढं करायचो. मग तिला मुलं झाली, आणि तिचं विचारणं थांबलं.

अशी नऊ वर्षं गेली. इंदू गेली, मी निवृत्त झालो. डॉक्टर आगटेही निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं पहिल्याच भेटीत मला बसवून घेतलं.

"आजोबा, मी यांची सगळी फाइल वाचली. एकवीस वर्षांत एकही तक्रार नाही. फक्त हा एक कागद. हे तुमचंच अक्षर ना?"

घरात मी एकटा होतो. आता कुणाचं लग्न मोडणार नव्हतं, कुणाची नोकरी जाणार नव्हती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं नुसता कोरा कागद पुढं केला. "हे सगळं लिहून द्या. आणि आधी त्यांना सांगा."

मी लिहून दिलं आणि बाहेर गेलो. दिगू वॉर्डासमोरच्या बाकावर बसला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी तो साठीचा दिसत होता.

"दिगू, घरी जायचं," मी म्हणालो. "माझ्याबरोबर. कायमचं."

त्यानं विचारलं, "वीणाला मुलं किती?"

"दोन. सुट्टीत येतात माझ्याकडं."

"मग नको. लहान मुलं आहेत. माझा हात परत उचलला गेला तर?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी त्याचं मनगट धरलं.

"दिगू, ऐक. तू वीणावर कधीच हात उचलला नव्हतास. मी खोटं लिहून दिलं होतं. तुला माहीत आहे ना ते? तू माझ्यासाठी हो म्हणालास."

"दर वर्षी वाचून दाखवतात मला," तो शांतपणे म्हणाला. "तुझंच अक्षर आहे."

"अक्षर माझंच आहे. पण जे लिहिलंय ते खोटं आहे."

"मला आठवतं, दादा. पोपटी साडी नेसली होती. पडवीत खांबाला धरून रडत होती. मी शेजारीच होतो." तो थांबला. "मी काहीतरी केलं असणार. त्याशिवाय ती रडेल कशाला?"

"माझ्यामुळं रडत होती ती! माझ्यामुळं!"

माझा आवाज चढला तसा वॉर्डाच्या दारातला शिपाई वळून बघायला लागला. दिगूनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाला फिरवावा तसा.

"तू पहिल्यापासून असाच," तो म्हणाला. "माझं सगळं आपल्या अंगावर घेतोस."

जेवणाची घंटा झाली. तो उठला, बाकाखालची थाळी उचलली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. पाठमोरा, पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून.

त्यानंतर तो सहा वर्षं जगला, तिथंच; घरी यायला तो कधी तयार झालाच नाही. सहा वर्षं मी दर महिन्याला जाऊन त्याला तेच सांगत राहिलो; वीणाला खरं सांगून बरोबर न्यायचं धाडस मला झालं नाही. तो प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचा, माझी समजूत काढायचा. विश्वास मात्र त्यानं एकदाही ठेवला नाही.